गिताऊ उभाच राहिला

अ‍ॅशले या नातीला शाळेच्या बसमध्ये बसवून इसाबेल परत आली तेव्हा लॉबीची फरशी नुकतीच पुसलेली होती. बाहेर सकाळी सातलाच आखातातलं ऊन डोळ्यांत खुपत होतं, आत दिवे मंद, त्यामुळे फरशीवरचं पाणी तिला दिसलंच नाही. उजवा पाय पुढे घसरला तो थांबलाच नाही. आता कमरेचं हाड जाणार, मुलाला, ट्रॉयला, सुट्टी काढावी लागणार, एवढं सगळं तिच्या मनात येऊन गेलं आणि त्याच क्षणी मागून कुणीतरी तिचा दंड धरला. तिचं सगळं वजन त्या एका मुठीत तोललं गेलं. मग पाय जमिनीला लागले, ती वळली. समोर निळा शर्ट होता, त्याच्यावर काळा चेहरा होता आणि तो फार जवळ होता. तिच्या हातातली मिटलेली छत्री वर गेली आणि त्या चेहऱ्यावर आली. एकदा मारून ती थांबली नाही, दुसऱ्यांदा मारली. दुसऱ्या फटक्याला छत्रीचं टोक भुवईत घुसलं. आणि तिच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला, जो तिने सदुसष्ट वर्षांत उच्चारला नव्हता. “चुचुमा,” ती म्हणाली. स्वाहिली भाषेतला शब्द, हुकमाचा. उकिडवा बस.

मुतुआ हा त्या बिल्डिंगचा दिवसपाळीचा सिक्युरिटी गार्ड, केनियाचा, चाळिशीचा, दारातून जाताना मान जराशी वाकवावी लागेल एवढा उंच. तिने मारलं तेव्हा त्याने हात वर केला नाही. पण तो शब्द ऐकला आणि त्याचे गुडघे वाकले. पूर्ण वाकले नाहीत, वीतभर वाकले, आणि मग कुणीतरी जागं केल्यासारखे सरळ झाले. भुवईतलं रक्त डोळ्यात उतरत होतं आणि तो दुसऱ्या डोळ्याने तिच्याकडे बघत होता. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. त्या नजरेत ओळख होती. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि चौथ्या मजल्यावरच्या कुंदा बाहेर आल्या. त्यांना दिसलं ते एवढंच की वॉचमनने ट्रॉयच्या आईचा हात धरलाय, म्हातारी थरथर कापतेय आणि काहीतरी ओरडतेय.

बाकीचं सगळं तिच्याशिवाय झालं. कुंदांनी ट्रॉयच्या बायकोला, जॅकलीनला फोन केला, जॅकलीनने ट्रॉयला. ट्रॉय मरीनामधल्या एका हॉटेलात बँक्वेट बघायचा. तो दुपारीच घरी आला आणि आल्याआल्या त्याने आईचा दंड खिडकीपाशी उजेडात धरून फोटो काढले. चार बोटं उठली होती, पाचवं बगलेकडे. ती घसरली ते खांबामागे, त्यामुळे कॅमेऱ्यात काही दिसत नव्हतं, पण फोटो पुरेसे होते. त्याने मॅनेजमेंटला मेल टाकला. त्या मेलमध्ये असॉल्ट हा शब्द होता, हे त्यानेच तिला वाचून दाखवलं. नक्की काय झालं, असं त्याने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा ती म्हणाली की तिला आठवत नाही. मग जॅकलीन म्हणाली की मम्मी शॉकमध्ये आहेत, त्यांना विचारू नकोस. तिला चहा दिला, पायांवर चादर घातली. संध्याकाळी बाल्कनीतून तिने पाहिलं: मुतुआ एक काळी बॅग खांद्याला लावून सुपरवायझरच्या मागोमाग बाहेर चालला होता. दारावरचा नेपाळी गार्ड आणि बाकाखाली खेळणारी मुलं त्याच्याकडे बघत होती. भुवईवर पांढरी पट्टी होती. समोरच्या ग्रोसरीवाल्याने हात केला, पण मुतुआने मान वळवली नाही.

आठवत नाही, असं म्हणणं तिला नवं नव्हतं. आठवत नाही आणि पडला, ही दोन वाक्यं तिला आठव्या वर्षी पाठ झाली होती. वसईत लोक आणीबाणी म्हणाले की पंच्याहत्तर साल असायचं. तिच्या घरात आणीबाणी म्हणजे बावन्न साल, आणि तीही केनियातली. तिचे पपा, ग्रेगरी, सेहेचाळीसमध्ये बोटीने मोंबासाला उतरले. त्यांचं अक्षर सुंदर होतं, इंग्रजी बिनचूक होतं, आणि इंग्रज सरकारला त्या काळात अक्षर हवंच होतं. इतक्या माणसांना ताब्यात ठेवायचं तर त्यांची नावं कुणीतरी लिहायला हवी होती. किकुयू लोकांच्या डोंगरातल्या जमिनी गोऱ्यांनी आधीच घेतल्या होत्या आणि त्याच जमिनींवर त्यांना मजूर म्हणून राबवलं होतं. शेवटी त्यांनी रानात जाऊन शपथा घेतल्या, कोयते उचलले, गोऱ्यांच्या घरांत शिरून माणसं कापली, गोऱ्यांना मिळालेल्या आपल्याच भावांनाही कापलं. मग सरकारने हजारावर माणसं फासावर दिली, आणि गावंच्या गावं उचलून तारेच्या आत घातली. अशाच एका छावणीत पपा हेडक्लार्क होते. छावणीला नाव होतं, पण घरात तिला नुसतं कॅम्प म्हणायचे. लाल माती, काटेरी झाडं, तीन फेऱ्यांची तार, तारेच्या बाहेर त्यांचं पत्र्याचं क्वार्टर आणि पुढे ओटा.

ती एरवी नैरोबीला नन्सच्या शाळेत राहायची. अठ्ठावन्न साली वसतिगृहात कांजिण्या आल्या म्हणून मुलींना घरोघर पाठवलं आणि ती सहा आठवडे कॅम्पवर येऊन राहिली. तिथे दुसरं मूल नव्हतं. आई दारं लावून आत बसायची, आणि पपांना ओट्यावरून तिच्यावर लक्ष ठेवणं सोपं जायचं, म्हणून सकाळच्या मोजणीच्या वेळी ती ओट्यावर असायची. मोजणी अशी व्हायची: पपा टेबल घेऊन ओट्यासमोरच्या झाडाखाली बसायचे, समोर तारेतून बाहेर आणलेली तीनशे माणसं पाच-पाचच्या ओळीत, आणि अस्कारी, म्हणजे खाकीतले काळे शिपाई, हातात दंडुके घेऊन कडेने. हवालदार ओरडायचा, चुचुमा, आणि तीनशे माणसं एकदम खाली जायची, हात डोक्यावर. मग पपा त्यांच्या सुंदर स्वच्छ आवाजात नावं वाचायचे. ती बघत असायची. पाचव्या की सहाव्या दिवशी अस्काऱ्यांना गंमत सुचली. त्यांनी तिला शब्द शिकवला, उच्चार नीट करून घेतला, आणि हवालदार बाजूला झाला.

ती ओट्याच्या टोकाला उभी राहिली. निळा फ्रॉक, केसांना रिबन. तिने शब्द म्हटला आणि तीनशे माणसं खाली बसली. अस्कारी पोट धरून हसले. कुणीही सांगावं की लहान मुलीला त्यात काय कळणार होतं. तिने स्वतःलाही पुष्कळदा तेच सांगितलं होतं. पण आता अल मनखूलच्या त्या फ्लॅटमध्ये, पायांवर चादर घेऊन, एसीच्या घरघरीत, ती स्वतःशी खोटं बोलू शकत नव्हती. तिला कळलं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांचा कटकट आवाज आपल्या तोंडच्या एका शब्दाने होतो, हे तिला कळलं होतं, आणि पोटात काहीतरी गोड, गरम उसळलं होतं. पहिल्या कम्युनियनला नाही, लग्नाच्या दिवशी नाही, ट्रॉय झाला तेव्हाही नाही, तसं सुख तिला पुन्हा कधी झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन लवकर उठली, आईकडून वेणी घालून घेतली आणि ओट्यावर जाऊन उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी गिताऊ उभाच राहिला. गिताऊ पहिल्या ओळीत होता, शाळामास्तर होता असं म्हणायचे, एक काच फुटलेला चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला. बाकीचे खाली बसले आणि तो एकटा उरला, म्हणून तो फार उंच वाटला. तो तिच्याकडे बघून हसला. हसण्यात छद्म नव्हतं, वर्गात चुकून शिरलेल्या मुलीकडे मास्तर बघतील तसा तो हसला, आणि इंग्रजीत म्हणाला, “गुड मॉर्निंग, चाइल्ड.” अस्कारी आधी हसलेच. हवालदारही हसत होता. मग त्यांच्या लक्षात आलं की ऑफिसच्या दारात कॅम्पचा गोरा साहेब येऊन उभा आहे. साहेब काहीच बोलला नाही. त्याने पाइप दाताखालून काढला आणि मान हलवली, नाही म्हणायला हलवतात तशी. आणि इसाबेल, जिला कुणी काही विचारलं नव्हतं, ती पुन्हा ओरडली. चुचुमा. या वेळी रडकुंडीला येऊन, पाय आपटून ओरडली, कारण तो बसत नव्हता आणि सगळे बघत होते.

पहिला दंडुका गुडघ्याच्या मागच्या बाजूला बसला. तो पडला, आणि पडल्यावर तो उकिडवा बसू शकला असता, पण त्याने हात टेकून उठायचा प्रयत्न केला. दुसरा दंडुका मनगटावर. तो आवाज ओल्या लाकडाचा होता. नंतर सात-आठ जण होते आणि एकेका दंडुक्याचा वेगळा आवाज ऐकू येईना. कणसं झोडपताना येतो तसा एकच सलग आवाज येत राहिला. चष्मा उडून ओट्याच्या पायरीपाशी आला. एक दात तिच्या बुटाजवळ पडला, मुळासकट, त्याच्या मुळाला गुलाबी मांस होतं. माती लाल होती म्हणून रक्त त्यात लाल दिसलं नाही, काळं दिसलं. हवालदार दमला तेव्हा त्याने दंडुका या हातातून त्या हातात घेतला. समोर दोनशे नव्याण्णव माणसं हात डोक्यावर ठेवून उकिडवी बसली होती आणि त्यातल्या एकानेही डोळे मिटले नव्हते. आणि या सगळ्यात पपांचा आवाज चालू होता. त्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं. ते नाव वाचत, उत्तर येईपर्यंत थांबत, खूण करत, पुढचं नाव वाचत. गिताऊचं नाव आलं तेव्हा त्यांनी तेही वाचलं. उत्तर आलं नाही. त्यांनी तिथे खूण केली आणि पुढे गेले.

तो त्यानंतर तिसऱ्या दिवशी मेला. महिनाभराने नैरोबीहून एक गोरा अधिकारी चौकशीला आला. बर्मिंगहॅमच्या टॉफीचा डबा त्याच्याकडे होता. पपांनी तिला त्याच्यासमोर नेताना बोट घट्ट धरलं होतं आणि वाटेत शांतपणे, पाढे घोकून घ्यावेत तसं, ती दोन वाक्यं दोनदा म्हणवून घेतली होती. अधिकाऱ्याने विचारलं, त्या सकाळी काय पाहिलंस. ती म्हणाली, तो पडला. कसा पडला. तिला आठवत नाही. तो हसला आणि त्याने तिला दोन टॉफी दिल्या. पपा अंगणात येऊन ओकले, हे तिने पाहिलं, पण संध्याकाळी जेवताना त्यांनी तिला चिकनचा मोठा तुकडा वाढला आणि आईला म्हणाले की पोर हुशार आहे.

पुढे पाच वर्षांनी गोरे गेले. जायच्या आधी दोन महिने पपा नैरोबीच्या ऑफिसात तेलाच्या पिंपात कागद जाळत होते. गोण्याच्या गोण्या यायच्या आणि कागद जळला की राख काठीने फोडायची, अक्षर उरता कामा नये, असा हुकूम होता. आपल्याच अक्षरातली दहा वर्षं त्यांनी जाळली. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा नाकपुड्या काळ्या असायच्या. डिसेंबरमध्ये झेंडा उतरला, नवा चढला. लोक रडत होते, नाचत होते, अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होते, आणि तेरा वर्षांची ती पपांच्या शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती. एका बाईने पपांना मिठी मारली आणि उहुरू, उहुरू म्हणाली, स्वातंत्र्य. पपाही उहुरू म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्याच गर्दीत नव्या सरकारच्या नव्या टोपीत कॅम्पचा तोच हवालदार लोकांना मागे रेटत होता, आणि त्याने पपांना सलाम ठोकला. अडुसष्टला ते वसईला परतले. गावात पपांना आफ्रिकावाला ग्रेगरी म्हणायचे आणि ते लग्नाच्या मांडवात सिंहाच्या गोष्टी सांगायचे. कॅम्पवर सिंह कधीच आला नव्हता. तिने आईला एकदा, फक्त एकदा, गिताऊचं नाव घेऊन विचारलं. आई मासे साफ करत होती. ती म्हणाली, आपल्या लोकांची ही ख्रिस्ती नावंही कुणीतरी बोटीतून आणून ठेवलेली. ज्याने नाव दिलं त्याचं मीठ खायचं आणि गप्प बसायचं. मग तिने बोंबलाचं डोकं कापलं.

गप्प बसणं तिला जमलंही होतं. नवरा गेला, ट्रॉयने तिला इकडे आणलं, ऊद मेथाच्या चर्चमध्ये ती दर शुक्रवारी कन्फेशनला बसली आणि चिडचिड, आळस, सुनेबद्दल वाईट विचार अशी पापं सांगत राहिली. मुतुआ या बिल्डिंगमध्ये आल्यापासून वर्षभर तो तिला गुड मॉर्निंग मॅडम म्हणायचा आणि ती मान हलवून लिफ्टकडे वळायची. त्याच्या तोंडून ते शब्द आले की तिला ओटा आणि दोऱ्याने बांधलेला चष्मा दिसायचा. तो आपला चांगला माणूस आहे, हे तिला कळत होतं; चांगला होता म्हणूनच ती त्याच्याकडे बघत नव्हती.

तिसऱ्या दिवशी जेवताना ट्रॉय म्हणाला, “मम्मी, खलास. त्याचा व्हिसा कॅन्सल होतोय. शुक्रवारी पाठवतायत घरी. तू आता रिलॅक्स हो.” जॅकलीन म्हणाली की बरं झालं, बिल्डिंगमध्ये मुलं आहेत. अ‍ॅशलेने काट्याने पास्ता गुंडाळत विचारलं, डिड ही हर्ट यू, ग्रॅनी? इसाबेलने काटा ताटात ठेवला. तिला वाटलं आपण मान हलवली तर ती कशीही वाचली जाईल, होकार म्हणून किंवा नकार म्हणून, आणि दोन्ही वेळा दुसरंच कुणीतरी मरेल. ती पानावरून उठली. ट्रॉय ड्युटीवर गेल्यावर तिने साधा ड्रेस बदलून चर्चला नेसायची साडी नेसली आणि खाली मॅनेजरच्या ऑफिसात गेली.

मॅनेजर फहद पेशावरचा, सभ्य माणूस. त्याने उठून खुर्ची दिली, आंटी म्हणाला, पाणी मागवलं. हिशेब मिटवायचा म्हणून मुतुआला कंपनीने तिथेच बोलावलं होतं. तो कपाटाजवळ उभा होता. पट्टीच्या कडेने भुवई सुजून निळी झाली होती. तिने त्याच्याकडे न बघता हिंदीत सांगितलं की मी घसरले, याने मला सावरलं, आणि मी त्याला मारलं. छत्रीने, दोनदा. याचा काही दोष नाही. फहदने पेन मिटलं. मग त्याने दार लावून घेतलं आणि ट्रॉयला फोन केला.

ट्रॉय अर्ध्या तासात आला, हॉटेलचा कोट अंगावरच होता. तो आधी फहदशी बोलला, मग मुतुआशी बोललाच नाही, मग आईजवळ वाकून मराठीत हळू म्हणाला की तू काय करतेयस हे तुला कळतंय का, इथे कुणाला मारलं की पोलीस केस होते, तो गेला ना पोलिसांत तर तुझा व्हिसा, माझी नोकरी, सगळं. फहदनेही तेच सांगितलं, जास्त मऊ शब्दांत. शेवटी ट्रॉय त्याला इंग्रजीत म्हणाला की माझी आई पंचाहत्तर वर्षांची आहे, तिला काही आठवत नाही, तिनेच मला तसं सांगितलं.

“मला सगळं आठवतं,” इसाबेल म्हणाली.

मुतुआ पहिल्यांदाच बोलला. त्याने केसबद्दल विचारलं नाही. तो इंग्रजीत म्हणाला, “मॅडम, तो शब्द तुम्हाला कुठे मिळाला?”

तिने सांगितलं. तिला वाटलं होतं की कधी सांगितलं तर तास लागेल. पाच-सहा वाक्यांत संपलं. कॅम्प, पपांचं टेबल, ओटा, गिताऊ. आपण दुसऱ्यांदा ओरडलो, तेही सांगितलं. ट्रॉय आईच्या तोंडाकडे असा बघत होता की जणू ती दुसऱ्याच भाषेत बोलत होती. बोलून झाल्यावर तिने मुतुआकडे पाहिलं. ती कशाची वाट बघत होती हे तिला त्या क्षणी कळलं आणि लाज वाटली: त्याचा आजा त्या ओळीत असावा, आणि त्याने तिला शिक्षा द्यावी किंवा माफ करावं.

“माझे आजोबा त्या लोकांतले नव्हते,” मुतुआ म्हणाला. “ते अस्कारी होते. तुमच्या कॅम्पवर नाही, दुसऱ्या. दंडुका त्यांच्या हातात होता. सरकार बदललं, कॅम्प बंद झाला. मग ते घरी आले. जेवायच्या आधी आम्हा नातवंडांना भिंतीशी उभं करायचे आणि तोच शब्द म्हणायचे. जो उशिरा बसेल त्याला पट्टा. माझ्या वडिलांनाही त्यांनी तसंच वाढवलं होतं, आणि वडिलांनी मला.” त्याने सुजलेल्या भुवईला बोट लावलं. “हे दुखत नाही, मॅडम. मी खाली बसणार होतो, ते दुखतं. चाळीस वर्षांचा माणूस, युनिफॉर्ममध्ये. तुमच्या एका शब्दावर.”

फहदने, आपलं काम म्हणून, त्याला विचारलं की त्याला पोलिसांत जायचंय का. हक्क त्याचा आहे. मुतुआने उद्या सांगतो म्हटलं आणि तो निघून गेला. उरलेला दिवस इसाबेल खुर्चीत बसून होती. ट्रॉयने वकिलाचा नंबर मिळवला, जॅकलीन बेडरूममध्ये दार लावून रडली, आणि घरात कुणी तिच्याशी बोललं नाही. तिला भीती वाटत होती, अगदी साधी भीती: खाकी माणसं येतील, नाव विचारतील, कागदावर खूण करतील. आपलं काय व्हायचं हे दुसऱ्या कुणाच्या तोंडी आहे, ही गोष्ट तिने आयुष्यात पहिल्यांदा अंगावर घेतली. त्या तीनशे माणसांनी ती रोज सकाळी घेतली होती, वर्षानुवर्षं. आणि एका माणसाने एकदा घेतली नव्हती. तो का उभा राहिला, याचा विचार तिने इतकी वर्षं केला होता. आता तिला वाटलं, कदाचित त्याने काही ठरवलंही नसेल. कदाचित मुलीसमोर माणसाने कसं असावं, एवढंच त्याला माहीत असेल.

दुसऱ्या दिवशी फहदचा निरोप आला. केस नाही. व्हिसा कॅन्सल होणार नाही, कंपनीने मुतुआला परत घेतलं होतं. पण मुतुआची एक अट होती. त्याला सगळ्यांसमोर बाहेर नेलं होतं, तर मॅडमनी सगळ्यांसमोर बोलावं, लॉबीत, संध्याकाळी सहाला, पाळी बदलताना. ट्रॉय म्हणाला की हा तमाशा आहे, लेखी माफी देऊन मिटवू. ती म्हणाली, मी जाते. तू नाही आलास तरी चालेल. तो आला नाही. तो गाडीत बसून राहिला, काच वर करून.

सहाला लॉबीत नेपाळी गार्ड होता, रात्रपाळीचा एक मुलतानचा गार्ड होता, सफाईवाला होता, ग्रोसरीतला माणूस डिलिव्हरीची पिशवी घेऊन थांबला होता. कुंदा होत्या, त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. जॅकलीन अ‍ॅशलेला स्विमिंगहून घेऊन त्याच वेळी दारातून आली आणि थबकली. मुतुआ टेबलामागे न बसता टेबलापुढे उभा राहिला, हात पाठीमागे. इसाबेल इंग्रजीत बोलली, शाळेत नन्सनी शिकवलेल्या स्वच्छ इंग्रजीत, पपांसारख्या. या माणसाने मला पडताना धरलं. मी त्याला मारलं, त्याचं रक्त काढलं. माझ्या घरच्यांनी त्याच्यावर आरोप केला आणि मला खरं माहीत असून मी तीन दिवस गप्प बसले. मी त्याची माफी मागते. एवढंच बोलायचं ठरलं होतं. पण तोंड मिटेना. ती म्हणाली, माझ्यामुळे आधीही एका माणसाला मारलं होतं. मी लहान होते. तेव्हा मी खोटं सांगितलं की तो पडला. तो पडला नव्हता. त्याचं नाव गिताऊ होतं. कुंदांनी फोनकडे बघितलं. सफाईवाल्याने, त्याला किती समजलं कोण जाणे, डोक्यावरची टोपी काढली.

मुतुआने सगळं ऐकून घेतलं. मग मान एकदा हलवली, माफ केल्यासारखी नाही, ऐकलं म्हणून. त्याने मुलतानच्या गार्डकडे किल्ल्यांचा जुडगा दिला, वहीत सही केली आणि तो बसस्टॉपकडे चालू लागला. जॅकलीन तोंड लाल करून टपालाच्या पेट्यांकडे वळली आणि रिकाम्या पेटीत हात घालून उभी राहिली. अ‍ॅशले धावत येऊन इसाबेलच्या हाताला लोंबकळली. तिचे केस ओले होते, त्यांना क्लोरीनचा वास होता. दोघी लिफ्टमध्ये शिरल्या.

“ग्रॅनी, हू वॉज गिताऊ?”

“मास्तर होता, शाळेतला.”

“व्हाय डिड दे हिट हिम?”

लिफ्टचं दार मिटायचं होतं. इसाबेलने खाली पाहिलं. नात आठ वर्षांची होती. काय सांगावं, किती सांगावं, हे मोठी माणसं ठरवतात तसं ठरवायला तिला एक क्षण मिळाला होता, आणि तो तिने घेतला नाही.

“मी सांगितलं म्हणून,” ती म्हणाली. “मी त्याला खाली बस म्हटलं. तो बसला नाही. मग मी परत ओरडले. मग त्यांनी त्याला मारलं, इतकं की तो मेला. मला मजा वाटत होती, अ‍ॅशले. सुरुवातीला.”

अ‍ॅशले वर बघत राहिली. मग तिने आपला हात सोडवून घेतला, सातव्या मजल्याचं बटण दाबलं आणि तो हात ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून घेतला. इसाबेलने तो परत मागितला नाही. लिफ्ट वर जात होती. दोघी एकमेकींशेजारी, दाराकडे तोंड करून, उभ्या होत्या.